ट्रायपॉड लावूनही लँडस्केप सॉफ्ट येतंय? आधी धूसरपणा कुठल्या जातीचा ते ओळखा

तक्रार नेहमीचीच. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ/१६, टायमरसुद्धा लावलेला. मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. घरी कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला की डोंगराची कड मऊ आणि गवताचा नुसता लगदा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग संशय कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर जातो आणि नव्या लेन्सचे भाव बघणं सुरू होतं.

भाव नंतर बघा. १८-५५ मिमीची साधी किट लेन्स एफ/८ला २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ए३ आकाराच्या प्रिंटला पुरेल एवढा तपशील आरामात देते. तो मिळत नसेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे, आणि धूसरपणाचं रूप नीट बघितलं तर ती कुठे आहे ते बहुतेक वेळा फोटोच सांगतो.

निदान मूळ फाइलवर करा

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बघून काहीच ठरवू नका. तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करून दाबला जातो आणि गवत, पानं, खडक यांचा तपशील सगळ्यात आधी जातो. कुणाचं मत हवं असेल तर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर बघा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. अख्खा फोटो स्क्रीनवर बसवून काही कळत नाही, आणि २०० टक्क्यांवर लाखाची लेन्ससुद्धा सॉफ्टच दिसते. सर्वांत जवळचा दगड किंवा फूल, फ्रेमचा मध्य, क्षितिजाची कड आणि चारही कोपरे एवढं तपासा. मग पुढचं ताडून बघा.

- दगड कडक, गवत आणि फांद्या पुसलेल्या: वाऱ्याने विषय हललाय, कॅमेरा नाही.
- सगळंच एका दिशेने ओढलेलं, ओल्या दगडावरच्या चकाकत्या बिंदूची बारीक रेघ झालेली किंवा एकाचे दोन बिंदू दिसतात: कॅमेरा हललाय.
- जवळचं कडक आणि लांबचं मऊ, किंवा उलट: फोकस चुकीच्या जागी.
- सगळीकडे सारखंच मऊ, रेघ नाही, पण कुठलाच भाग कडकही नाही: अपर्चर फार बंद केलंय, किंवा पुढचा फिल्टर स्वस्तातला आहे.
- उजेडाभोवती प्रभा, काळे भाग राखाडी पडलेले: काचेवर वाफ, तुषार, बोटाचा ठसा किंवा आत बुरशी.
- जवळचं ठीक, लांबचे डोंगर फिके आणि निळसर: हवेतलं धुरकं.
- लांबच्या कडा वेड्यावाकड्या, आणि पाठोपाठ काढलेल्या फ्रेममध्ये वेगवेगळ्या: तापलेल्या हवेची थरथर.
- दर फोटोत तोच एक कोपरा किंवा तीच बाजू मऊ: लेन्सच्या आतली काच सरकलेली असू शकते.

एका फोटोत दोन-तीन कारणं एकत्र असतात. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलून फोटो काढा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

कॅमेरा हलतोय का? टिचकी मारून बघा

ट्रायपॉडवर लावला म्हणजे कॅमेरा स्थिर झाला, हे गृहीत धरणं इथली सर्वांत महागडी चूक. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) सुरू करा, लांबची एखादी कड १० पट मोठी करा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरेल. किती वेळात शांत होतं ते मोजा. एका सेकंदात शांत झालं तर दोन सेकंदांचा टायमर पुरेल. तीन-चार सेकंद लागत असतील तर टायमर दहा सेकंदांचा ठेवा आणि ढिलाई शोधा. टिचकी न मारताही चित्र सतत डुलत असेल तर वारा ट्रायपॉडला हलवतोय. तिथे टायमरचा उपयोग नाही.

ढिलाई शोधताना वरून खाली या. कॅमेऱ्याखालची क्विक रिलीज प्लेट पहिली. तिच्यावरचं रबर किंवा कॉर्क झिजलं की कॅमेरा त्यावर किंचित फिरतो. स्क्रू नाण्याने घट्ट आवळा, बोटाने आवळलेला पुरत नाही. मग हेड, म्हणजे कॅमेरा धरणारं वरचं डोकं: स्वस्त फोटो-व्हिडिओ ट्रायपॉडची तीन दांड्यांची प्लॅस्टिक हेड लॉक केल्यावरही एक-दोन मिलिमीटर खाली बसते. उभी फ्रेम घेताना कॅमेरा बाजूला कलंडतो, वजन मध्यावरून सुटतं आणि लांब एक्स्पोजरमध्ये हे बसणं फोटोत उतरतं. एल-ब्रॅकेट (उभ्या फ्रेमलाही वजन मध्यावर ठेवणारी काटकोनी प्लेट) असेल तर उत्तम. नसेल तर आडव्या दोन फ्रेम एकावर एक घेऊन जोडा. ७०-२०० सारखी लांब लेन्स असेल तर ट्रायपॉडला बॉडी न लावता लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) लावा.

मधला दांडा वर काढू नका. वर काढलेला दांडा म्हणजे ट्रायपॉडवर ठेवलेला मोनोपॉड (एकपायी स्टँड). उंची हवी असेल तर आधी वरची जाड नळी सोडा, मग मधली. सगळ्यात खालची बारीक नळी अगदी नाइलाज असेल तेव्हाच. बहुतेक लँडस्केपला गुडघा ते कंबर एवढी उंची पुरते. जवळचा खडक, शेवाळ, पाण्याची वळणं खालूनच जास्त उठून दिसतात.

खालची जमीन बघायला लोक विसरतात. कड्याजवळच्या गवताळ मातीवर उभं राहून तुम्ही पाय बदलला की माती दबते आणि ट्रायपॉडही हलतो, म्हणून एक्स्पोजर संपेपर्यंत जागचे हलू नका. जांभ्याच्या सड्यावर रबरी टोकं चांगली बसतात, गवतात टोकदार खिळे. धबधब्यासमोरच्या रेलिंगच्या गॅलरीत किंवा लोखंडी पुलावर दुसऱ्या कुणी पाऊल टाकलं तरी फ्रेम हलते. तिथे लोक थांबतील ते क्षण पकडावे लागतात, किंवा १/२५० सेकंदापेक्षा जलद शटर लागतं. किनाऱ्यावर लाट परतताना पायांखालची वाळू काढून नेते. आधीच पाय दाबून बोटभर आत घुसवा, आणि घरी आल्यावर सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर पुढच्या मोसमात लॉक फिरणार नाहीत.

वारा हा सह्याद्रीतला मोठा शत्रू. नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. तिथे सव्वा किलोचा ट्रायपॉड कमरेएवढा उभारून अर्ध्या सेकंदाचा फोटो कडक येईल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही खालून वर येणारा वारा अगदी कडेला जास्त झोंबतो, पाच-सहा मीटर मागे सरकलं की बराच कमी होतो. फ्रेममध्ये फरक थोडाच पडतो आणि जिवाचा धोकाही टळतो. पाय पसरून ट्रायपॉड जमिनीलगत आणा आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः बसा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, फडफडणारा पट्टा शिडासारखा वारा धरतो. लेन्सपुढचं हूडही काढा. मधल्या हुकाला सॅक अडकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. हवेत लोंबकळणारी सॅक झोके घेते आणि कंपन वाढवते.

आता कॅमेऱ्याच्या पोटातलं कंपन. डीएसएलआरमध्ये आरसा वर आपटतो, शटरचा पडदा सुटतो. साधारण १/६० ते १/२ सेकंदाच्या पट्ट्यात हा धक्का फोटोत दिसतो. १/५००ला एक्स्पोजर इतकं लहान असतं की तेवढ्यात कंपनाने फोटो ओढला जात नाही, दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो इतका लहान भाग असतो की लपून जातो. पहाटेची लँडस्केप नेमकी मधल्या पट्ट्यात पडतात. उपाय मेनूत आहेत: कॅननमध्ये 'मिरर लॉकअप', निकॉनच्या डी७००० घराण्यात आणि वरच्या मॉडेलमध्ये 'एक्स्पोजर डिले मोड'; दोन्हींत आरसा आधी वर जातो, फोटो नंतर निघतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' चालू करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वरच असतो, पण काही डीएसएलआर क्लिकच्या वेळी तो पुन्हा खाली-वर करतात. खटखट दोनदा ऐकू आली तर समजा.

खात्री करायची सोपी कसोटी: तीच फ्रेम, तेच अपर्चर, तोच फोकस ठेवून १/४, १/१५, १/६० आणि १/२५० असे चार फोटो काढा, उजेडाची भरपाई आयएसओने करा. १/२५०चा कडक आणि १/१५चा मऊ आला तर दोष कंपनाचा. चारही सारखेच मऊ असतील तर ट्रायपॉडला दोष देणं सोडा आणि फोकसकडे वळा.

लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवावं. नवीन कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात असं मेनू सांगतो, तरी काही लेन्स नसलेलं कंपन शोधत बसतात आणि एक-दोन सेकंदांच्या फोटोत चित्र हळूच सरकवतात. फक्त हातात धरताना ते परत चालू करायला विसरू नका, त्या विसरण्याने निम्मे फोटो जातात. होडीत ट्रायपॉड लावलाच असेल तर तो ट्रायपॉड समजूच नका, स्टॅबिलायझेशन चालू.

फोकस: खरं दुखणं बहुधा इथे असतं

एफ/१६ लावलं की जवळचं-लांबचं सगळं आपोआप कडक येतं, ही समजूत अर्धवट आहे. कासच्या पठारावरची नेहमीची फ्रेम घ्या: एपीएस-सी कॅमेरा (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान), १८ मिमी, पुढे गेंदाची पांढरी बोंडं, मागे लांब डोंगररांग. फूल सेन्सरपासून ४० सेंटिमीटरवर आहे. (अंतर कॅमेऱ्यावरच्या आडव्या रेघेच्या गोल खुणेपासून मोजतात. किट लेन्सची लांबी धरली तर फूल पुढच्या काचेपासून वीतभरच लांब असतं.)

हायपरफोकल अंतर म्हणजे जिथे फोकस केल्यावर त्याच्या अर्ध्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं कडक येतं. १८ मिमीला एफ/८वर ते सुमारे २ मीटर, एफ/११वर सुमारे दीड मीटर. म्हणजे एफ/११ला दीड मीटरवर फोकस केला तरी ७५ सेंटिमीटरच्या अलीकडचं मऊच राहणार. ४० सेंटिमीटरवरचं फूल त्यात बसत नाही. एफ/२२ लावलं तर हिशेबाने ३७ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं बसतं, म्हणून लोक एफ/२२ लावतात, आणि मग डिफ्रॅक्शन अख्ख्या फ्रेमची धार खातं. त्याबद्दल पुढे.

हायपरफोकलचे आकडे जुन्या, छोट्या प्रिंटच्या मापाने काढलेले असतात. १०० टक्क्यांवर बघणाऱ्याला त्यांनी दिलेलं क्षितिज 'जवळजवळ कडक' वाटतं, आणि तक्रार नेमकी त्या 'जवळजवळ'चीच असते. त्यामुळे मोबाइल अ‍ॅपमध्ये एफ/११चा आकडा हवा असेल तर एफ/८चं अंतर वाचा आणि लेन्स एफ/११वर ठेवा. फूल, गवत असं काही जवळ नसेल, पहिला खडकच पाच-सहा मीटरवर असेल, तर हायपरफोकलच्या भानगडीत पडू नका. सरळ लांबच्या डोंगरावर फोकस करा, एफ/८, काम झालं.

जवळचं फूल आणि लांबचा डोंगर दोन्ही हवेच असतील तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडणं. एफ/८, कॅमेरा मॅन्युअल एक्स्पोजरवर, व्हाइट बॅलन्स ठरावीक, लेन्स मॅन्युअल फोकसवर. वरच्या उदाहरणात ४०, ५५, ९० सेंटिमीटर, २ मीटर आणि अनंत अशा पाच फ्रेम पुरतात. जवळून लांब असंच जा, उलटसुलट फिरू नका. दोन फ्रेममधला कडक भाग एकमेकांवर थोडा चढलेला हवा, नाहीतर जोडल्यावर मध्ये मऊ पट्टा राहतो. फोटोशॉपमध्ये लेयर रचून 'ऑटो अलाइन' आणि मग 'ऑटो ब्लेंड'. वारा असेल तर फूल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतं आणि कडेला भुतं दिसतात. त्यामुळे फुलाच्या फ्रेमपुरतं आयएसओ ८०० करून १/२५० मिळवा, बाकीच्या आयएसओ १००वर चालतील, उजेड तेवढाच राहील इतकं बघा. कासला पायवाट सोडून फुलांत ट्रायपॉड रोवायचा नाही. वाटेवरूनच पाय जमिनीलगत पसरता आले तर बघा, नाहीतर ५५-२०० मिमीची लेन्स घ्या आणि लांबूनच फुलांचा पट्टा दाट भासेल असा दाखवा.

फोकस करायची पद्धत: लाइव्ह व्ह्यू, १० पट मोठं, हवी ती कड मध्ये आणा, मॅन्युअल रिंग हळूहळू फिरवा. कडकपणा वाढतो, शिखरावर जातो, मग उतरतो. उतरायला लागला की थोडं मागे या. शिखर एकदा ओलांडल्याशिवाय ते कुठे होतं ते कळत नाही. हे करूनही चुकतं, त्याची कारणं ठरलेली आहेत:

ऑटोफोकसने फोकस केला, लेन्स ऑटोवरच राहिली, आणि फोटो काढताना शटर बटण अर्धं दाबताच कॅमेऱ्याने पुन्हा कुठेतरी भलतीकडे फोकस केला. उपाय: फोकस झाला की स्विच मॅन्युअलवर, किंवा ऑटोफोकस शटर बटणावरून काढून मागच्या 'एएफ-ऑन' बटणावर द्या.

फोकसनंतर झूम बदलला. बहुतेक झूम लेन्समध्ये झूम हलला की फोकसही सरकतो. आधी चौकट ठरवा, मग फोकस करा.

रिंग शेवटपर्यंत फिरवून 'अनंत' गाठलं असं मानलं. आजच्या बहुतेक लेन्सची रिंग अनंताच्या पुढे जाते. रिंगच्या टोकाला आकाश आणि डोंगर दोन्ही मऊ असतात.

मिररलेसची लेन्स इलेक्ट्रॉनिक फोकसची असली तर कॅमेरा बंद झाला किंवा झोपी गेला की काही लेन्स फोकसची जागा विसरतात. सूर्योदयाची वाट बघत वीस मिनिटं बसलात की फोटोच्या आधी पुन्हा १० पट करून तपासा.

धुक्यात ऑटोफोकस मागे-पुढे घिरट्या घालतो, कारण त्याला पकडायला कॉन्ट्रास्ट नसतो. माळशेज किंवा आंबोलीला जुलैत हे होणारच. साधारण त्याच अंतरावरची गडद कड, झाडाचा बुंधा, रस्त्यालगतचा दगड धरून फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका. दाट धुक्यात मुळात वीस मीटरपलीकडे कडक असं काही नसतंच, फोटोकडून ते मागू नका.

एफ/२२ची सवय सोडा

अपर्चर जितकं बारीक, तितका प्रकाश भोकाच्या कडेला वाकतो आणि प्रत्येक बिंदूची चकती होते. हेच डिफ्रॅक्शन. हिरव्या उजेडाला या चकतीचा व्यास एफ/८ला सुमारे १०.७ मायक्रॉन, एफ/११ला १४.८, एफ/१६ला २१.५ आणि एफ/२२ला २९.५. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो. एफ/२२ला एक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर पसरतो, आणि लेन्स कितीही भारी असो, हे बदलत नाही. एपीएस-सीवर एफ/८ ते एफ/११, फुल फ्रेमवर एफ/८ ते एफ/१३ या टापूत राहा.

एफ/२२ची खरी ओढ धबधब्यासाठी असते, पाणी दुधासारखं करायचं म्हणून. त्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्या. आयएसओ १००, एफ/११ला १/१५ येत असेल तर प्रकाश आठपट कमी करणाऱ्या एनडी८ने अर्धा सेकंद मिळतो. पोलरायझर फिल्टर आणखी दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खातो आणि ओल्या पानांवरची चकाकी काढतो, पावसाळी जंगलात त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. फोकस फिल्टर लावायच्या आधी करा. फिरवून गडद होणारे स्वस्त व्हेरिएबल एनडी टाळा: जास्त गडद केले की वाइड लेन्सवर काळी फुली दिसते, आणि काच बरी नसेल तर ७० मिमीच्या पुढे सगळंच मऊ पडतं. कायम लावून ठेवलेल्या यूव्ही फिल्टरवरही संशय घ्या. एकदा लावून आणि एकदा काढून तीच फ्रेम घेतली की दोन मिनिटांत निकाल लागतो.

विषय हलतो तेव्हा

इथे ट्रायपॉड निरुपयोगी आहे. मंद झुळकेत गवताला १/१२५, नीट वाऱ्यात १/२५० ते १/५००. आयएसओ ४००-८००ला घाबरू नका. आजच्या सेन्सरचा ८००चा दाणा (नॉइज) सॉफ्टवेअरमध्ये साफ होतो, हललेलं गवत होत नाही. धबधबा मऊ आणि झाडी कडक अशी दोन्ही हवी असतील तर दोन फ्रेम घ्या, एक अर्ध्या सेकंदाची आणि एक १/२५०ची, आणि मास्क लावून जोडा.

तारेही हलतात. ५००ला फोकल लेंग्थने भागायचा जुना नियम १८ मिमी एपीएस-सीला (फुल फ्रेमच्या हिशेबाने २७ मिमी) सुमारे १८ सेकंद देतो, आणि १०० टक्क्यांवर ताऱ्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात. ३००ने भागा: ११ सेकंद. सगळ्या ताऱ्यांच्या रेघा सारख्या वळणाच्या असतील तर वेळ जास्त झाली. रेघ नागमोडी किंवा आकड्यासारखी असेल तर ट्रायपॉड हलला.

काचेवरचं पाणी

कोकणात एसी खोलीतून बाहेर आलं की लेन्स पांढरी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण साधं: बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो, आणि २२ अंशांची काच त्याखाली. पुसलं तरी काच गार आहे तोवर वाफ पुन्हा धरते. कॅमेरा खोलीतच हवाबंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि अर्धा ते पाऊण तास पिशवी उघडू नका. वाफ पिशवीच्या बाहेर धरेल. गाडीने जाताना सॅक एसीसमोर न ठेवता डिकीत ठेवा, किंवा शेवटचा अर्धा तास काचा उघड्या ठेवा. वाफ धरलेली असताना लेन्स बदलू नका, ओल सेन्सरपर्यंत जाते.

फसवी असते ती अर्धवट वाफ. ती डोळ्यांना दिसत नाही, फोटोत फक्त कॉन्ट्रास्ट उतरलेला दिसतो. टॉर्च तिरका धरून काच बघा. हिवाळ्यात रात्री ताऱ्यांसाठी पठारावर लेन्स उघड्या आभाळाकडे तोंड करून असते, काच हवेपेक्षाही गार पडते आणि तासाभरात दव धरतं. पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी ड्यू हीटर (दव टाळणारा गरम) पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा, किंवा हँड वॉर्मरची पुडी रबर बँडने बांधा. फोकस रिंगवर बांधू नका. काच तापल्यावर फोकस थोडा सरकतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी ठळक ताऱ्यावर पुन्हा तपासा.

धबधब्याच्या तुषारांत लेन्स खाली तोंड करून ठेवा, क्लिकच्या क्षणापुरती वर करा. मायक्रोफायबरची चार कापडं वेगवेगळ्या झिप पिशव्यांत न्या. एकच कापड तिसऱ्या पुसण्यानंतर पाणी फक्त पसरवतं. आधी ब्लोअरने थेंब उडवा, मग पुसा. पावसाळ्यानंतर सामान कपाटातल्या चामड्याच्या बॅगेत ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर एवढ्याने भागतं. काटा ४५-५० टक्क्यांवर राहू द्या, जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.

हवा

डिसेंबरच्या सकाळी दरीत साठलेलं धुरकं कुठलीच लेन्स भेदत नाही. पोलरायझर सूर्यापासून काटकोनात बघताना थोडं काम करतो, सूर्य समोर किंवा पाठीशी असताना जवळजवळ नाही. ऑक्टोबरमधल्या सरीनंतरची सकाळ किंवा जुलै-ऑगस्टची उघडीप यांचा लाभ घ्या. नाहीतर धुरक्यालाच विषय करा, एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा. एडिटिंगमध्ये धुरकं कमी करणारं 'डिहेझ' १०-२०च्या पुढे ढकललं की आभाळ मळकं होतं आणि दाणा वर येतो.

गरम हवेची थरथर लोकांना फोकसची चूक वाटते. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर ४०० मिमीने शंभर-दीडशे मीटरवरचे रोहित (फ्लेमिंगो) टिपताना ऊन चढलं की पिसांचा तपशील जातो. इथे शटर जलद करून किंवा लेन्स बदलून काही होत नाही, अंतर कमी करणं आणि सकाळी लवकर जाणं हेच उपाय. गाडीच्या खिडकीतून फोटो काढत असाल तर आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकानेही अशीच थरथर होते. एसी आणि इंजिन बंद करून सगळ्या काचा खाली करा. पाठोपाठ पंधरा-वीस फ्रेम घ्या, त्यातली एखादी बरी निघते.

रॉ फाइल मुळातच मऊ असते

कॅमेऱ्यातल्या जेपेगला धार आधीच दिलेली असते, रॉला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलला) तुम्ही द्यायची. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग सुरुवातीला ४० आणि रेडियस १.० असतं. लँडस्केपला ५०-७० आणि ०.८ करून बघा, 'मास्किंग'चा स्लायडर आल्ट दाबून सरकवा आणि आभाळ काळं होईपर्यंत न्या, म्हणजे ढगांत दाणा उठणार नाही. हललेला किंवा चुकलेल्या फोकसचा फोटो याने सुधारत नाही, कडांना पांढऱ्या किनारी तेवढ्या येतात.

आणि लेन्सच खराब असेल तर

सगळं करून तोच कोपरा मऊ राहिला तर ही चाचणी करा. स्वच्छ हवेत अर्धा-एक किलोमीटर लांबची बारीक तपशिलाची वस्तू निवडा, पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर चालेल. ट्रायपॉड, एफ/५.६, फोकस मध्यभागी ठेवून तिच्यावर एकदाच करायचा, मग मॅन्युअल. एक फ्रेम वस्तू मध्ये ठेवून, आणि पुढच्या चार फ्रेम कॅमेरा वळवून तीच वस्तू प्रत्येक कोपऱ्यात ठेवून. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे पण सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची जात आहे, एफ/८-११ला सुधारेल. एक कोपरा इतर तिघांपेक्षा ठळकपणे वाईट असेल तर काच सरकलेली. झूमच्या दोन्ही टोकांना तपासा, काही लेन्स एकाच टोकाला तिरक्या असतात. भिंतीचा फोटो काढून हे ठरवू नका: कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसेल तर चांगली लेन्सही एका बाजूला मऊ दिसते.

लेन्स नवी असेल तर परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका. जुनी असेल तर सर्व्हिस सेंटरला देताना 'फोटो सॉफ्ट येतो' असं मोघम लिहून देऊ नका. पाचही फाइली पेन ड्राइव्हवर द्या आणि जॉब शीटवर फोकल लेंग्थ, अपर्चर आणि नेमका कोपरा लिहून घ्या.